धुण्याच्या पिंपाचं छिद्र

नागासेबाईच्या परसात आग्वानने पिंप आडवं केलं, बुडाजवळ बोट फिरवलं आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. पंधरवड्यातलं हे तिसरं गळकं पिंप. घरं वेगळी, पण छिद्र मात्र तिन्हींना एकाच जागी. बुडापासून चार बोटं वर, तांदळाच्या दाण्याएवढं.

"गंजलंय का?" नागासेबाईने विचारलं. साखर कारखान्याच्या इंजिनियरची बायको. जपान्यांच्या गल्लीत धुण्याचं पिंप सगळ्यात आधी तिच्याकडेच आलं होतं.

"नाही बाईसाहेब. पत्रा नवाकोरा आहे." आग्वानचं जपानी तोडकंमोडकं, पण पत्र्याविषयी बोलण्यापुरतं पुरायचं.

चुलीपाशी कपडे पिळत बसलेली तिओमावशी मान वर न करता आपल्या बोलीत म्हणाली, "नवाकोरा आहे म्हणूनच गळतोय. माझ्या आईचं लाकडी घमेलं चाळीस वर्षं गळलं नाही."

आग्वान हसला, पण हसू पुरतं उमटलं नाही. छिद्राची कड बाहेरच्या बाजूला उमललेली होती. म्हणजे आतून काहीतरी लागलं होतं. आणि पिंपाच्या आत हात कोणाचे जातात? धुणारणीचे.

ही पिंपं ओसाकाहून बोटीने आली होती. जस्ती पत्र्याचं पिंप, वर लाकडी झाकण, बाजूला दांडा. दांडा पुढेमागे ओढला की आतला लाकडी पंजा डावीउजवीकडे घुमायचा आणि कपडे आपोआप घुसळले जायचे. जपानी अमलाखालच्या ताइनान शहरात ती विकायचा खिमशेठ. कालव्याजवळच्या त्याच्या लोखंडी सामानाच्या दुकानावर पाटी होती, 'बायकांनो, कंबर सांभाळा.' गल्लीतल्या बायकांनी कंबर सांभाळली आणि कालव्याच्या पायऱ्यांवर धुणं धुणाऱ्या सहासात जणींची कामाची घरं सुटली. तिओमावशीचं सुटलं नाही, कारण नागासेबाईला दांडा ओढायलाही माणूस हवं होतं.

आग्वान पत्रेकाम करायचा. डबे, चिमण्या, पन्हळी. पिंपं गळू लागल्यापासून दर चार-पाच दिवसांनी कोणीतरी डाख लावायला बोलवायचं. आधी त्याला बरं वाटलं. मग एके दिवशी पत्रा घ्यायला तो दुकानात गेला, तेव्हा खिमशेठने चहाचा पेला पुढे सरकवला आणि गोड आवाजात विचारलं, "काय आग्वान, हल्ली चांगलं चाललंय म्हणे?"

"बरं चाललंय."

"लोक काय काय बोलतात रे. म्हणतात, पाडणारा आणि बुजवणारा एकच."

आग्वानच्या कानशिलात गरम झालं. "शेठ, मी पिंपाला हात लावतो तो गळल्यावर. आधी कोण हात लावतं ते मला काय विचारता?"

"मग तूच सांग ना. छिद्र बाहेरून पडतंय की आतून?"

"आतून," आग्वान म्हणाला. आणि स्वतःवरचं बालंट झटकायच्या घाईत त्याच्या तोंडून पुढचंही निसटलं, "ठोकल्यासारखं दिसतं."

खिमशेठने पेला खाली ठेवला. "झालं तर मग."

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीवरच्या हिगा पोलिसाने तिओमावशीला बोलावून नेलं. दिवस मावळेपर्यंत तिला फरशीवर गुडघ्यांवर बसवून ठेवलं. खिळा कुठे लपवलास, तुझ्याबरोबर कोण कोण आहे, पुन्हा पुन्हा तेच. साठीची बाई. बाहेर आली तेव्हा पायऱ्यांवरच्या दोघींनी तिला धरून आणलं. खिमशेठच्या दुकानासमोर मात्र तिने दोघींचे हात सोडवले आणि भर रस्त्यात ओरडली, "ए खिम! चल नगरदेवाच्या देवळात! कोंबड्याची मान तोडून शपथ घेते मी. तूही घे! ज्याचं खोटं त्याचा वंश बुडो!"

दुकानाची अर्धी फळी आतून लागली. कोणी बाहेर आलं नाही.

नागासेबाईने तिओमावशीला कामावरून काढलं.

त्या संध्याकाळी आग्वानच्या बायकोने, सिओकने, त्याच्यापुढे रताळ्याची पेज ठेवली. वाडगं जरा जोरातच टेकलं. लग्नाआधी सिओकही त्याच पायऱ्यांवर धुणं धुवायची. धोपटणं कसं धरायचं ते तिला तिओमावशीनेच शिकवलं होतं.

"आतून ठोकलंय, असं पत्रेवाला म्हणाला, असं हिगा चौकीत म्हणत होता," ती म्हणाली. "गावात पत्रेवाले किती आहेत?"

आग्वानने मुळ्याचा तुकडा पेजेत बुडवला. "मी दिसलं ते सांगितलं. नाव कोणाचं घेतलं नाही."

"नाव घ्यायला उरलंच काय होतं?"

त्याने वाडगं रिकामं केलं. पण संशय एकदा घरात शिरला की पाहुण्यासारखा उठत नाही. पायऱ्यांवरच्या बायकांनी संगनमत केलं असेल, तर सिओकला माहीत नसेल? तिची ऊठबस त्यांच्यातच. ती बाहेर निघाली की तो विचारू लागला, कुठे निघालीस, कोण भेटलं. खिळ्यांचा डबा त्याने खालच्या फळीवरून उचलून माळ्यावर ठेवला. तिने डबा वर जाताना पाहिला आणि काहीच विचारलं नाही. ते न विचारणंच त्याला जास्त डाचलं.

आठवड्याभराने सिओक म्हणाली, "नागासेबाईने कामाला बोलावलंय. मावशीच्या जागी. मी हो म्हटलं."

आग्वानचा हातोडा हवेतच थांबला. "तू? मावशीच्या जागी?"

"का? तुला वाईट वाटलं?" तिने सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. त्या नजरेतून त्याला काही म्हणता काही वाचता आलं नाही.

तीन आठवडे गेले. नागासेबाईचं पिंप गळलं नाही. "पाहिलंत?" ती शेजारणींना सांगे, "म्हातारी गेली आणि गळती थांबली." खिमशेठ तेच दुकानात सांगे. लोक माना डोलवत. आग्वानलाही वाटू लागलं, असेल बुवा, मावशीनेच केलं असेल. तसं वाटलं की जीव हलका व्हायचा, आणि हलका झाला म्हणून लाजही वाटायची.

मग डॉक्टर लो यांच्याकडून निरोप आला. त्यांचं पिंप गळत होतं.

आग्वान चक्रावला. डॉक्टरांच्या घरी धुणारीण कधीच नव्हती. त्यांची आई हातपाय धडधाकट ठेवायचे म्हणून स्वतः दांडा ओढायची. ऐंशीच्या घरातली म्हातारी आपल्याच पिंपाला खिळा कशाला मारेल? तरी छिद्र तिथेच होतं. चार बोटं वर, कड बाहेर.

"आजी, तुम्ही यात काय काय घालता?"

"कपडे घालते, आणखी काय, बदकं?" म्हातारी म्हणाली. "काल गोधडी घातली होती. टकटक करत होतं मेलं."

"टकटक?"

आग्वानने रिकाम्या पिंपाचा दांडा ओढून पाहिला. आवाज नाही. मग भोकात बोळा कोंबून त्याने पाणी ओतलं, ओली गोधडी कोंबली आणि पुन्हा ओढला. टक. पुन्हा ओढला. टक. त्याने सगळं उपसून लाकडी पंजा खोलला. पंज्याच्या पायाशी एक स्क्रू होता. ढिला होऊन त्याचं टोक बाहेर डोकावलं होतं आणि पत्र्यावर घासून चांदीसारखं चकाकत होतं. जड कपड्यांनी पंजा कलायचा आणि ते टोक दर खेपेला त्याच एका जागी चोच मारायचं. आजवर तो पिंप रिकामं करूनच दुरुस्त करत होता. त्याला कुठून ऐकू येणार?

नागासेबाईचं पिंप का गळलं नाही, तेही कळलं. तिथे त्याने दिलेला डाखच जाड होता.

तो स्क्रू काढून घेऊन तडक खिमशेठकडे गेला. शेठने स्क्रू हातात घेतला, उलटसुलट फिरवला आणि आवाज खाली आणला. "हे बघ, जिथे जाशील तिथे गुपचूप पिळून दे. डाख लाव. बोलायचं नाही."

"आणि मावशी?"

"मावशीचं काय व्हायचं ते होऊन गेलं. आता उकरून काय मिळणार? विकलेली अकरा पिंपं माझ्या दारात आणून टाकतील. तुझ्यासाठी पत्रा कोण आणतं, विसरलास?"

आग्वानने स्क्रू त्याच्या हातातून काढून घेतला आणि नागासेबाईच्या घराकडे चालू लागला. मागून खिमशेठ काहीतरी ओरडला. त्याने वळून पाहिलं नाही.

परसाच्या दारातच तो थबकला. आत हिगा उभा होता. नागासेबाई उभी होती. भिंतीला पाठ लावून सिओक उभी होती. मधोमध पिंप, आणि त्याच्याखालून पाण्याची धार.

"बरा आलास," हिगा म्हणाला. "मी आत्ता तुलाच बोलावणार होतो. आजच गळलं. बघ आणि सांग."

आग्वान उकिडवा बसला. बोट फिरवलं. हे छिद्र त्या जागी नव्हतंच. वीतभर बाजूला होतं. कड आत वळलेली, म्हणजे बाहेरून मारलेलं. आणि त्याला तीन कोपरे होते. तसा तीन धारांचा टोचा सगळ्या ताइनानमध्ये एकाच माणसाकडे होता. स्वतः आग्वानने तो कानशीने घासून बनवला होता. खिळ्यांचा डबा त्याने माळ्यावर टाकला होता, टोचा मात्र बाकावरच राहिला होता.

त्याने सिओककडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हिगाने दोघांनाही पाहिलं असतं.

"स्क्रू," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःला परका वाटला. "पिंपं स्क्रूमुळे गळतायत. हा बघा, डॉक्टरांच्या पिंपातला."

बोलता बोलता त्याने हातोडी काढली, आत हात घालून टेकण दिलं आणि छिद्रावर दोन चापट ठोके मारले. कड सपाट झाली. कोपरे दबले.

"थांब! ठोकतोस कशाला?" हिगा पुढे झाला.

"डाख लावायचा तर आधी सपाट करावं लागतं, साहेब. ऐका." त्याने ओल्या चादरी आत कोंबल्या आणि दांडा ओढला. टक. टक. नागासेबाईने हात तोंडावर नेला. आग्वानने तिला पंजा काढून दाखवला. तिथलाही स्क्रू तसाच डोकावत होता.

हिगाने आत हात घालून बराच वेळ चाचपलं. "हे छिद्र बाजूला आहे."

"पंजा सैल झाला की टोक भरकटतं."

हिगा त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. मग सिओककडे. मग तळहात झटकून म्हणाला, "म्हणजे त्या म्हातारीला मी फुकटच दिवसभर बसवलं."

 तो टोपी घालून निघून गेला.

दोघं घरी आली. दार लावल्यावर आग्वानने विचारलं, "का?"

"मावशी गेली आणि गळती थांबली, असं सगळं गाव म्हणत होतं," सिओक म्हणाली. "मावशी नसतानाही गळतं, हे त्यांना दिसायला हवं होतं. दुसरं काय होतं माझ्या हातात? तू तर सांगून मोकळा झाला होतास."

"तुला चौकीत बसवलं असतं."

"बसवलं असतं." ती चुलीकडे वळली. "आणि तू खिळे लपवलेस ते कोणापासून, ते मला ठाऊक आहे. ते मी विसरेन असं समजू नकोस."

ती विसरली नाही. पुढे बरेच महिने ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. खिमशेठने त्याला पत्रा देणं बंद केलं, त्यामुळे आग्वानला तो दूर कालव्यापलीकडून डोक्यावर वाहून आणावा लागे. नागासेबाईने मोलकरणीच्या हाती बिस्किटांची पेटी आणि परत कामावर येण्याचा निरोप तिओमावशीकडे पाठवला. मावशीने पेटी ठेवून घेतली आणि कामावर यायला नकार दिला.

एका सकाळी आग्वान कालव्याच्या पायऱ्या उतरून गेला. मावशी आणि सिओक एक भलीमोठी गोधडी खळबळत होत्या.

"मावशी, 'आतून ठोकलंय' असं म्हणालो होतो तो मी," तो म्हणाला. "खिमला."

"माहीत आहे. सिओकने त्याच रात्री सांगितलं."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलू? तू दिसेल ते बोललास. नीट पाहिलं नाहीस, एवढंच." तिने गोधडीचं एक टोक त्याच्या अंगावर फेकलं. "आलायस तर धर. माझी मनगटं राहिली नाहीत आता."

त्याने टोक धरलं. दुसऱ्या टोकाला सिओक होती. तो जोर लावून पिळू लागला, पण पाणी काही निथळेना.

"अरे, उलट्या बाजूला पीळ दे," सिओक म्हणाली. "दोघं एकाच दिशेने फिरवायला लागलो तर गोधडी नुसती गरगर फिरेल."

मावशी हसली. सिओक हसली नाही. त्याने हात बदलला आणि पाणी पायऱ्यांवरून खाली कालव्यात पडू लागलं.