ललितची घागर

चिंधाने चाकावरची घागर दोऱ्याने कापली आणि ओळीत न ठेवता एकटीच भिंतीच्या सावलीत नेऊन ठेवली. धुरपदाबाईने मान वर केली नाही. कालची घागर मांडीत घेऊन, आतून दगडी गुंडा आणि बाहेरून लाकडी थापी लावून ती बुड थापत होती. चाकावरून उतरते तेव्हा घागरीला बुड नसतं. ते बाईमाणसाने थापून थापून मिटवायचं असतं. ती वेगळी ठेवलेली घागर कुणाची, हे तिला न बघताही कळलं.

"ललितनी माय," चिंधा हात धूत म्हणाला, "औंदा तेवढं बुड थापी दे."

"मना हात दुखतस."

"सकायपासून चाळीस थाप्यात."

"म्हनीसनच दुखतस."

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. सुरतेला माग चालवायला आलेल्यांनी गाव सोडलं, शेत सोडलं, पण हे सोडलं नाही. त्याच्यावरच कामरेजजवळ, तापीकाठच्या मातीत, चिंधाचं घर बावीस वर्षं उभं होतं. चैत्र लागला की सुरतेच्या नवागाम, भेस्तानहून बाया येत आणि लाकडाच्या आव्यात भाजलेल्या घागरी डोक्यावर घेऊन बसकडे जात. कुणाचा बाप, कुणाची सासू. परक्यांच्या मेलेल्यांसाठी धुरपदाबाईने किती बुडं मिटवली असतील, गणती नव्हती.

आणि तिचा ललित. चौऱ्याण्णवच्या भादव्यात तो नवरात्रात दिवा ठेवायचे मातीचे जाळीचे गरबे घेऊन नवागामला गेला, आणि त्याच दिवशी शहरात प्लेगची हाक उठली. लोक मिळेल त्या गाडीने पळाले. चार दिवसांनी चिंधा तिथे पोचला, तेव्हा एका बंद दुकानाच्या ओट्यावर गरबे रचलेले होते. मध्ये मध्ये गवत घातलेलं, एकही फुटलेला नाही. ललित नव्हता. दवाखान्यात नव्हता, भुसावळच्या फलाटावर नव्हता, मामाच्या गावी नव्हता.

त्यानंतर दोन आखाज्या गेल्या. दोन्ही वेळा चिंधाने एक घागर वेगळी काढली. दोन्ही वेळा ती बुडाशिवाय वाळून तडकली, आणि धुरपदाबाईने ती भिजवून पुन्हा माती केली.

यंदा मात्र सुनेचा, हर्षदाचा, भाऊ धर्मेंद्र अमळनेरहून येऊन बसला होता.

"माय, मी भांडाले नही उनू," चहाची बशी खाली ठेवत तो म्हणाला. "पारोळानं स्थळ शे. बायको बाळंतपनात गयी त्यानी. हर्षीसंगे पाट लावाले तयार शे. पन तुमना घरमा घागर भराय नही, तवलोंग ती कशी जाई?"

"आनि मना पोऱ्या जित्ता व्हयी ते?"

"मंग येत का नही तो?" धर्मेंद्र हळूच म्हणाला, आणि आपल्याच चपलांकडे बघत राहिला.

हर्षदा अंगणात माती तुडवत होती. ललित गेला तेव्हा तिच्या लग्नाला चार महिने झाले होते. रोज सकाळी ती कुंकू लावायची, आणि ते कुणासाठी हे तिला कुणी विचारत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवागामची उषाबाई आली. दरवर्षीची गिऱ्हाईक. भाजलेली एक घागर उचलून तिने बोटाने वाजवली.

"धुरपदाबाई, हाई बद वाजस वं."

"तुना कान बद शेत. परत वाजाड."

उषाबाई हसली. मग तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. "आनि ती बिगर बुडनी? ती कोनी शे?"

चिंधाने चाक थांबवलं.

"आमना घरनी शे," हर्षदा म्हणाली.

उषाबाई गेल्यावर धुरपदाबाई सुनेजवळ जाऊन उभी राहिली. "तुले जानं शे का?"

हर्षदाने चिखलातले पाय थांबवले. "आत्या, चारच महिना व्हतात. मले त्यासना आवाज याद येत नही आते. मी रोज आठवस. येतच नही."

धुरपदाबाईने ती घागर आणली. कडा उन्हाने आवळल्या होत्या, त्या ओल्या फडक्याने मऊ केल्या. मांडी घातली, गुंडा आत घातला आणि थापी उचलली. भोक तळहाताएवढं होतं, मग रुपयाएवढं, मग तिळाएवढं झालं, मग राहिलं नाही. त्यानंतरही ती बराच वेळ थापत राहिली. चिंधा समोर बसून होता. त्याने तिला थांबवलं नाही.

आवा रचताना तिने ती घागर कडेला लावली. तिथे वारा लागतो आणि भांडी तडकतात. चिंधाने ते पाहिलं, पण घागर हलवली नाही. तिसऱ्या दिवशी आवा उघडला. कडेच्या अकरा घागरी गेल्या होत्या. ती एक तांबडी, खणखणीत वाजणारी, अख्खी निघाली.

आखाजीला हर्षदाने ती भरली, वर लहानसं बोळकं ठेवलं आणि ओल्या हाताने कपाळ पुसलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने धर्मेंद्र तिला घेऊन गेला. धुरपदाबाई फाट्यापर्यंत पोचवून आली आणि घरात येऊन घागरीसमोर बसली. बोळकं उचलून आत पाहिलं. पाणी चार बोटं खाली गेलं होतं.

"नवी माटी शे," चिंधा दारातून म्हणाला. "पानी पेस ती."

हे तिला चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं. तिने तांब्या भरून आणला आणि घागर पुन्हा गळ्यापर्यंत भरली.