डॉक्टरीण बाईंनी पाय बघायला मागितला

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या साली ढाणकीतलं आमचं जिनिंग दिवाळीनंतरही थंडच होतं. मी तिथला मिस्त्री. यंत्रं बंद म्हणून मिस्त्रीही बंद. रिकाम्या माणसाला स्वतःच्या तब्येतीची फार काळजी वाटू लागते. माझी शुगर जुनीच होती. काळजी तेवढी नवी.

उमरखेडला फार्मसी शिकणाऱ्या माझ्या लेकीनं, फिजानं, माझ्या फोनमध्ये शुगरचं ॲप टाकून दिलं. बोट टोचून आलेला आकडा त्यात भरायचा. पावलं ते स्वतःच मोजायचं आणि भरपूर झाली की 'शाब्बास' म्हणायचं. आमच्या घरात मला शाब्बास म्हणणारं दुसरं कोणी नसल्यानं आमचं लगेच जमलं.

मोटारसायकलवरून उमरखेडला गेलो तरी शाब्बास यायचं. रस्ताच असा की खिशातल्या फोनला वाटायचं, माणूस पळतोय. मी ते गुलनारला, माझ्या बायकोला, कौतुकानं दाखवायचो.

"अजी, तुमी तं गाडीवर बसून गेलते," ती म्हणायची.

"मशीन खोटं बोलते का?"

आकड्यांचंही तसंच. ज्या दिवशी जिलबी खायचो, त्या दिवशी बोट टोचायची नेमकी आठवण राहायची नाही. त्यामुळे ॲपमधला माझा आलेख एखाद्या फकिराचा शोभला असता.

एका सकाळी फिजानं फोनवरच, व्हिडिओवरून, डॉक्टरीण बाईंची भेट ठरवली. मी इस्त्रीचा शर्ट घातला, अत्तर लावलं. कमरेखाली लुंगीच ठेवली. तेवढं कोण बघतं? गुलनार समोर फोन धरून बसली.

बाईंनी आलेख पाहिला. "छान आहे, अन्सारभाई. पायांना मुंग्या येतात?"

"बिलकुल नाही. माझ्या पायांना काहीच होत नाही, मॅडम. खडे टोचत नाहीत, तापलेली फरशी लागत नाही. मिस्त्रीचे पाय आहेत!"

मी हे छाती फुगवून सांगितलं. बाई मात्र हसल्या नाहीत.

"पाय दाखवा. तळवा."

आता आली पंचाईत. एका हातानं लुंगी सावरत मी दुसऱ्या हातानं पाय वर केला. गुलनारनं फोन जवळ नेला आणि ती ओरडलीच. अंगठ्याखाली काळं भोक पडलं होतं, भोवती पू.

"हे कधी लागलं?" बाईंनी विचारलं.

"काय लागलं?" मी विचारलं.

"आत्ताच्या आत्ता उमरखेडच्या दवाखान्यात जा."

"पण मॅडम, दुखत तं नाही."

"म्हणूनच जा."

शेजारच्या इम्तियाजनं ऑटो काढला. दवाखान्यातल्या सर्जननं जखम उघडून साफ केली. आणखी उशीर झाला असता तर अंगठा काढावा लागला असता, हे त्यानं इतक्या सहज सांगितलं की मला घाम फुटला. बाहेर बाकावर गुलनार माझी चप्पल उलटी करून बघत होती. तळातून एक खिळा वर आला होता. कोण जाणे किती दिवस मी त्याच्यावरच चालत होतो.

"मले तरी सांगाचं होतं," ती रडत म्हणाली.

"मलेच मालूम नव्हतं तं तुले काय सांगू?"

त्यावर ती आणखीच रडली. मी अंगठा हलवून दाखवला. तो हलला, पण हलल्याचं मला फक्त डोळ्यांनी कळलं. तेव्हा कुठं मस्करी करायची माझी हिंमत गेली.

अंगठा वाचला. ड्रेसिंग बरेच दिवस चाललं. रोज सकाळी गुलनार माझा पाय मांडीवर घेऊन, चष्मा लावून, बोटांच्या बेचक्यांसकट तपासायची. शर्ट-अत्तराच्या मिस्त्रीला फार लाज वाटायची. पण पाय मी मागे घेतला नाही.

पुढच्या भेटीत डॉक्टरीण बाईंनी शुगर विचारली. मी आदल्या दिवशीचा, जिलबी खाल्ल्यानंतरचा खरा आकडा सांगितला. मग त्यांनी मला चांगलंच झापलं, आणि फोन धरून बसलेली गुलनार त्यांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत राहिली.