एकतीस डोण्या

साहेब, तुम्ही कोण आहात ते ठाऊक नाही. तुमची खुर्ची कोणत्या मजल्यावर आहे, तेही ठाऊक नाही. पण तो फॉर्म तुम्हीच काढलात! 'गाव माहिती पत्रक'. त्यात पाणंद रस्त्याला पाच रकाने, पथदिव्यांना चार, आणि माणसांच्या हजार वर्षांना एक ओळ. रकाना क्रमांक अकरा : गावातील ऐतिहासिक ठिकाणे. पुढे तुम्हीच लिहिलंत, 'नसल्यास निरंक लिहावे'. असल्यास काय करावं, ते सांगायचं तुम्हाला सुचलंच नाही. कारण खेड्यात काही असेल, असं तुमच्या मनातच नव्हतं. आणि तांड्यात तर नावच नको!

तुमच्या त्या एका ओळीनं सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावर काय घडलं, ते ऐका. आणि वाचकहो, तुम्हीही ऐका. कारण फॉर्म वरचा होता, पण भरणारा हात आपल्यातलाच होता.

हरजी नाईक तांडा पुसेगावच्या बाजूला, माळाच्या उतारावर आहे. साठ-सत्तर घरं. बहुतेकांची शेती, सोयाबीन आणि हळद. दिपक राठोड तिथलाच, गट ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर ऑपरेटर. पोरगं हुशार, बोटं अशी चालतात की बघणाऱ्यानं पाहतच राहावं. पंचायतीखाली चार गावं आणि दोन तांडे, म्हणजे सहा पत्रकं. साइट चार वाजता बंद पडायची. दिपकनं काय करावं? गेल्या वर्षीचं पत्रक उघडलं आणि सहा ठिकाणी तेच चिकटवलं. रकाना अकरा : निरंक. आपल्या स्वतःच्या तांड्यापुढेही निरंक! बोट जरासुद्धा अडखळलं नाही.

एका ठिकाणी मात्र त्यानं डोकं चालवलं. रकाना चौदा होता, 'वापरात नसलेले धोकादायक खड्डे'. सगळीकडेच निरंक लिहिलं तर वरचे लोक ओरडतात, हे त्याला अनुभवानं माहीत होतं. तांड्याच्या खालच्या अंगाला जुनी पायऱ्यांची विहीर आहे, बारव म्हणतात तिला. ती त्यानं तिथं टाकून दिली. खड्डे : एक.

झालं! ज्या कारभाराला तांड्याची नाली साफ करायला सात वर्षं जमलं नाही, त्याला आता भलतीच जाग आली. महिन्याच्या आत, श्रावणातल्या एका सोमवारी पत्र हजर. 'सदर खड्डा बुजवून त्या जागी सेल्फी पॉइंट उभारण्यास मान्यता देण्यात येत आहे.' चमकणारी अक्षरं, मधे लाल बदाम, 'आय लव्ह तांडा'. शुक्रवारी जेसीबी येणार.

दिपक उड्या मारतच घरी गेला. "याडी, आपल्या तांड्यात सेल्फी पॉइंट येऊन राहिला!"

त्याची आई रुक्माबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "ते काय असते?"

"तिथं उभं राहून फोटो काढायचा."

"कोणाचा?"

"आपला आपणच."

"मंग घरी काढाया काय तकलीफ हाय?"

तेवढ्यात त्याची धाकटी बहीण नीलम डोक्यावर घागर घेऊन आली. तांड्यात तीज बसली होती. तीज म्हणजे कुवार पोरींचा सण. पोरी टोपल्यांत माती-खत भरून गहू पेरतात, नऊ दिवस नेमानं पाणी घालतात, गाणी म्हणतात, आणि उगवलेला हिरवा गहू शेवटच्या दिवशी वाजतगाजत पाण्यात बोळवतात. आज तिसरा दिवस होता. पाणी बारवेचंच घालायचं आणि गहू बारवेतच बोळवायचा, अशी त्या तांड्याची रीत. नीलमचं लग्न दिवाळीनंतर ठरलेलं. एकदा लग्न झालं की तीजेच्या टोपलीला हात लावता येत नाही. म्हणजे तिची ही शेवटची तीज.

पत्रातली गोष्ट कळली तशी तिनं घागर खाली ठेवली. "भिया, रविवारी आमी तीज कुठं बोळवायची? तुझ्या त्या लाल बदामात?"

"बोअर हाय ना! बोअरचं पाणी घाला. पाणी ते पाणी."

"अस्सं? मंग तुझ्या लग्नात हळद काहून दळायची? पिवळा ऑइलपेंट लावू. पिवळं ते पिवळं!"

रुक्माबाई फसकन हसली. दिपक मात्र चिडला. "जुन्या गोष्टी धरून बसले म्हणून तांडा मागं राहिला. तो खड्डा हाय नीलम, खड्डा! सरकारी कागदावर तसंच लिहेल हाय."

"कोणी लिहिलं?"

दिपकनं विषय बदलला. त्या दिवशी नीलमनं त्याला चहा दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही दिला नाही.

मंगळवारी पंचायतीत धम्मानंद खिल्लारे आले. शेजारच्या गावचे, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. एकतीस वर्षं याच भागातल्या रूटवर त्यांनी तिकिटं फाडली. त्यांना हयातीचा दाखला पाहिजे होता.

"बघ दिपक, मी समोर उभा हाय, बोलून राहिलो, तरी मी जिता हाय हे तुझा शिक्का सांगणार!"

"नियम हाय काका."

"नियम बराबर हाय. अर्ज, दाखला, शिक्का, तारीख. बादशहा गेले, निजाम गेला, त्यांचा कागद काही गेला न्हाई. तू रोज त्यांच्याच गादीवर बसून राहिला अन् तुला पत्ताच न्हाई!" एवढ्यात त्यांची नजर टेबलावरच्या पत्राकडे गेली. चष्मा वर करून त्यांनी ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. "हा खड्डा म्हणजे आपली बारव?"

दिपकनं सगळं सांगितलं. बहिणीचा ऑइलपेंटसुद्धा सांगितला. धम्मानंद पोट धरून हसले आणि मग एकदम गंभीर झाले.

"मला सांग, माझा रूट कोणी आखला?"

"सरकारनं."

"सरकारनं डांबर टाकलं, बाप्पा. वाट आधीची हाय. तुझे पूर्वज लमाण. शेकडो बैल, पाठीवर गोण्या, समुद्राकडून मीठ आणायचं अन् इकडचं धान्य तिकडं न्यायचं. फौजा लढायच्या, पण फौजेच्या पोटात दाणा कोण घालायचं? तुझा पणजोबा! लमाणानं मीठ आणलं नसतं तर राजाच्या ताटातलं वरण आळणी राहिलं असतं. इतिहासात राजाची तलवार हाय, वरणातलं मीठ न्हाई!"

"हे सगळं खरं असंल काका. पण त्याचा आताशी काय संबंध?"

"आताशीच हाय! लादलेला बैल दिवसाला किती चालतो? जिथं थकतो तिथं मुक्काम. मुक्काम तिथं पाणी, पाणी तिथं बाजार, बाजार तिथं गाव, अन् गाव तिथं माझी एसटी! आता तीज घे. पावसाळ्यात काळ्या रानात बैलाचा पाय रुततो. म्हणून तांडा चार महिने एका जागी थांबायचा. चालत्या तांड्यात गहू उगवते का रे? थांबला तरच उगवते. तुझी बहीण जो गहू पेरून राहिली, तो त्या थांब्याचा गहू हाय!"

दिपकनं खुर्ची पुढं ओढली.

"आता ही माझ्या डोक्यानं जुळवलेली गोष्ट हाय. चुकेलबी. माझ्यावर भरवसा ठेवू नको. बारवेपाशी जा अन् फक्त एवढं पाहून ये, तिथं किती जनावराला पाणी पाजायची सोय हाय. मंग बोल." धम्मानंद जायला वळले. दारात थांबून म्हणाले, "एक ध्यानात ठेव. आमच्या वस्तीला लोक म्हणायचे, तुमचा कसला आला इतिहास? आमची माणसं वाचायला शिकली अन् पहिलं काम केलं ते हे, की आपला इतिहास आपण शोधून काढला. अन् तुमच्याबद्दल कागदानं काय लिहिलं? रेल्वे आली, तुमचा धंदा बसला, तर इंग्रजाच्या कागदानं तुमाला चोर लिहिलं. तो परका होता. पण आता तांड्याच्या शिकलेल्या पोरानं तांड्याला निरंक लिहिलं! इंग्रज बरा म्हणायचा का तू?"

शब्द असा बसला की दिपकच्या हातून शिक्का उलटा उमटला.

बुधवारी भर दुपारी तो बारवेवर गेला. पोरी पाणी भरत होत्या. त्याला पाहून नीलम मोठ्यानं म्हणाली, "बायांनो सरका, साहेब फोटो काढाया आले!" सगळ्या खिदळल्या. दिपक निमूट पायऱ्या उतरला. लहानपणी इथं तो पोहला होता, पण पाहिलं असं कधी नव्हतं. काठाच्या दगडांवर दोरांनी घासून बोटभर खोल खाचा पडल्या होत्या. पाणी स्वच्छ होतं. आणि वर झुडपांत, गवतात, ओळीनं दगडी डोण्या. एकेका दगडात कोरलेल्या, जनावरांना पाणी पाजायच्या.

त्यानं मोजल्या. बारा.

"बाराच?" नीलम मागून म्हणाली. "आपल्या दारात कोंबड्या कशातून पाणी पितात? मिनाची आई भांडे कशात घासते? नायकाच्या घराची पायरी काय हाय?"

दिपक तिच्याकडे पाहतच राहिला. लहानपणापासून तो ज्या दगडात हात धूत आला, तो दगड त्याला आज पहिल्यांदा दिसला! भाऊ-बहीण आणि सात पोरी घरोघर फिरल्या. कुठं डोणी, कुठं डोणीचा तुकडा. म्हाताऱ्या कमलबाईनं तर आपली डोणी मोजू देण्याआधी विचारलं, "नेणार तर न्हाई ना? माझी म्हैस दुसऱ्यातून पीत न्हाई." संध्याकाळपर्यंत आकडा झाला एकतीस.

एकतीस डोण्या! गावात बैलजोड्या असून असून किती असतील? एकतीस डोण्या लागतात त्या जिथं एका वेळी शेकडो बैल येऊन उभे राहतात तिथं!

"भिया," नीलम हळूच म्हणाली, "खड्डा कोणी लिहिलं होतं?"

"मीच लिहिलं, नीलम."

"माहीत होतं मला," ती म्हणाली, आणि घरी गेल्यावर तिनं चहा ठेवला.

गुरुवारी दिपकनं दुरुस्तीचं पत्रक भरलं. रकाना अकरामध्ये एकच ओळ मावत होती. त्यानं लिहिलं, 'सोबत सात पानं जोडली आहेत.' डोण्यांचे फोटो, कोणाच्या दारात किती, तीजेची रीत, सगळं. रकाना चौदा : निरंक. तासाभरात वरून फोन आला. माहिती बदलायचा अधिकार तुला कोणी दिला? कंत्राटी माणूस आहेस ना तू? नोकरी जाऊ शकत होती, आणि घरात लग्न होतं. तो एवढंच म्हणाला, "साहेब, आधी मी खोटं लिहिलं होतं. आता खरं लिहिलं."

शुक्रवारी जेसीबी आलाच. बारवेच्या पायऱ्यांवर पोरी गव्हाच्या टोपल्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या, गाणी चालू. मागं सगळा तांडा. धम्मानंद पहिल्या गाडीनं आले होते. ठेकेदाराचा माणूस ओरडला, "काम थांबलं तर जबाबदार कोण?"

"मी," दिपक पुढे झाला. "खड्डा म्हणून मीच लिहिलं होतं. बारवेला हात लावायचा तर आधी ग्रामसभेचा ठराव दाखवा. मी पंचायतीत बसतो. असा ठराव झालेला न्हाई."

जेसीबीचा ड्रायव्हर मघापासून पोरींचं गाणं कान देऊन ऐकत होता. त्यानं मशीन बंद केलं आणि खाली उतरला. "माझं नाव नेमसिंग. माझी बहीणबी घरी हेच गाणं म्हणून राहिली असंल. शेठ, मला तीजेवर माती टाकाया सांगू नका. दुसरा ड्रायव्हर पाहा!" मग तो बारवेच्या कडेला बसला आणि म्हणाला, "बायांनो, पाणी पाजता का?"

नीलमनं घागर कलती केली. तांड्यानं असा गलका केला की झाडावरची पाखरं उडाली. ठेकेदाराचा माणूससुद्धा शेवटी दोन ओंजळी पाणी पिऊन गेला. ऊन फार होतं.

रविवारी तीज बारवेतच बोळवली गेली. हिरवा गहू पाण्यावर तरंगत होता, आणि नीलम एका डोळ्यानं रडत, दुसऱ्या डोळ्यानं हसत होती. पुढल्या ग्रामसभेत ठराव झाला : बारव बुजवायची नाही, गाळ काढायचा. गाळ काढायला सगळ्यात आधी उतरला दिपक.

बंधू-भगिनींनो, इतिहास फक्त किल्ल्यावर नसतो. तो आपल्या मिठात आहे, वाटेत आहे, म्हशीच्या डोणीत आहे. आपण त्याच्यावर पाय देऊन रोज घरात शिरतो आणि कागदावर 'काही नाही' लिहितो. आपलं मोल आपण पुसलं तर बुजवणारे टपलेलेच आहेत. डोळे उघडा आणि आपल्या दारचा दगड आधी ओळखा!

आणि साहेब, आता तुमच्याशी. गोष्ट अजून संपलेली नाही. काल दिपकला तुमच्याकडून नोटीस आली आहे. 'शासकीय माहितीत परस्पर बदल केल्याबद्दल तीन दिवसांत खुलासा करावा.' त्यानं खोटं लिहिलं, तेव्हा तुम्ही महिन्याभरात मान्यता दिलीत, एकही प्रश्न विचारला नाहीत. त्यानं खरं लिहिलं, तर खुलासा मागता? कशाबद्दल? खुलासा त्यानं नाही, तुम्ही करायचा आहे. तीन दिवस तुम्हालाही दिले. तांडा वाट पाहून राहिला आहे. बोला!