माधवरावांचा फोन आणि चौथा मजला

माधवराव आमच्या नांदेडच्या ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, म्हणजे पगार त्याचा घ्यायचे. जीव सगळा मोबाईलमध्ये. नवा फोन आला की तो रोजच्या वापरात कसा चालतो, याचा अभ्यास सुरू. जाहिरातीवर त्यांचा विश्वास नाही, माणसांवर तर नाहीच. उन्हात स्क्रीन दिसते का, हे बघायला भर दुपारी मैदानात उभे राहायचे. अर्धापूरला पुतण्याच्या लग्नाला गेले, तर केळीच्या बागेत रेंज तपासत बसले आणि अक्षता पडून गेल्यावर मांडवात आले.

आवाजाच्या चाचणीचं काम मात्र मुलीकडं होतं. श्रद्धा लातूरला नीटच्या क्लाससाठी राहायची, होस्टेलच्या चौथ्या मजल्यावर. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर ज्या गावात लोक घरात झोपायला घाबरत होते, तिथं आता मजल्यावर मजले चढवून डॉक्टर पिकवतात. माधवराव रोज संध्याकाळी तिला न चुकता फोन करायचे. स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाटायचं, काय प्रेमळ बाप आहे!

एके दिवशी माधवरावांनी मला बोलावलं.

"अंबरीश, कालच्या कॉलचं रेकॉर्डिंग ऐक. आवाज किती साफ हाय बघ."

फोनमधून श्रद्धा बोलायला लागली. "बाबा, सकाळी धक्का बसला. पंखा हलायला लागला. आम्ही सगळ्या जिन्यानं खाली पळालो, तर जाळीच्या दाराला कुलूप."

"थांब थांब. आता खिडकीजवळ जाऊन बोल. फरक पडतो का बघू."

"अभ्यासाच्या वेळेत कुलूपच असतं बाबा. मुली ओरडून राहिल्या होत्या. कुणी उघडलंच न्हाई."

"हाव, आता लई क्लिअर येतंय. खिडकी बरी. ठेव."

माधवरावांनी विजयी मुद्रेनं माझ्याकडं पाहिलं. "तिच्या खिडकीखाली रस्ता हाय. एक तरी हॉर्न ऐकू आला?"

"नाही," मी म्हणालो. "पोरगी रडून राहिली, तेवढं ऐकू आलं."

त्यांनी रेकॉर्डिंग परत लावलं. या वेळी स्क्रीनकडं बघितलं नाही. ऐकता ऐकता खुर्चीत बसले आणि तास चुकवून तसेच बसून राहिले. तास त्यांनी आधीही चुकवले होते, पण मुलीपायी कधी नाही.

घरी त्यांच्या बायकोला, सरोजिनीवहिनींना, सांगणं भाग होतं. वहिनींचं माहेर किल्लारीकडचं. भूकंपाच्या पहाटे त्या आणि मोठी बहीण शेजारी शेजारी झोपल्या होत्या. ढिगाऱ्यातून जिवंत निघाल्या त्या एकट्या वहिनी. त्यांनी उभ्या उभ्या रेकॉर्डिंग ऐकलं, गॅस बंद केला आणि मला म्हणाल्या, "भावजी, गाडी काढा."

अहमदपूर मागं पडल्यावर माधवरावांनी धीर करून मुलीला फोन लावला. "श्रद्धा, ठीक आहेस ना?"

"आता कुठं उभी राहून बोलू, बाबा?" ती म्हणाली.

लातूर येईपर्यंत माधवरावांनी फोन परत खिशातून काढला नाही.

होस्टेलचे रेक्टर फार शिस्तीचे होते. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, माहितीपत्रक दिलं. "मॅडम, किरकोळ धक्का होता. आमच्या निकालावर काही परिणाम होणार नाही. आणि कुलूप पालकांनाच हवं असतं."

वहिनींनी हात पुढं केला. "किल्ली द्या."

"कशाला?"

"तुम्ही चौथ्या मजल्यावर जाऊन बसा. मी खालून कुलूप लावते. मग शिस्तीचं बोलू."

रेक्टर हसले. वहिनी हसल्या नाहीत. एव्हाना जाळीच्या आत, जिन्यावर मुली जमल्या होत्या. श्रद्धा सगळ्यांत पुढं, पाठीला बॅग लावून. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ज्यांचा आवाज कधी गेला नव्हता, ते माधवराव एकदम ओरडले, "काढा ते कुलूप!"

कुलूप निघालं. रेक्टरांनाही नाइलाजानं शहाणपण सुचलं असावं, कारण आठवडाभरात होस्टेलची नवी जाहिरात झळकली: 'मुलींसाठी सुरक्षित वातावरण, जिना सदैव खुला.' ही सोय जणू त्यांनी परदेशातून अभ्यास करून आणली होती!

श्रद्धा मात्र परत वर चढायला तयार नव्हती. क्लास सोडायचा नव्हता, मजला सोडायचा होता. वहिनींनी लातुरातच तळमजल्यावर एक खोली बघितली आणि तिच्यासोबत राहायला गेल्या. देगलूर आणि जळकोटच्या दोन मुलीही तिथंच जेवायला येऊ लागल्या. वहिनी रात्री दाराशी अंथरूण टाकायच्या. ती सवय त्यांची जुनीच.

पहिल्या रविवारी मी माधवरावांना घेऊन गेलो. खोलीत शिरल्या शिरल्या त्यांनी विचारलं, "अभ्यास कसा चाललाय?"

श्रद्धानं पुस्तक मिटलं. "आधी झोप लागते का ते विचारा."

"लागते का?"

"न्हाई," ती म्हणाली आणि खाटेवर बसून सांगायला लागली. मी बाहेर जाऊन चहा घेतला, मग दुसरा घेतला. परत आलो तरी तिचं सांगणं संपलं नव्हतं. माधवराव तिच्यासमोर जमिनीवर बसले होते आणि मधे एकदाही बोलले नाहीत.