न उसवलेली शिवण

बकरी ईद झाली की दाहोच्या दुकानासमोर कातड्यांचा ढीग पडे. कोणी आणून टाकी, कोणी नुसता निरोप धाडी की आमच्या गच्चीवर दोन पडलीत, वास मारायच्या आत घेऊन जा. एरवी दाहो टॅक्सीच्या सीटा शिवायचा. फाटलेलं रेक्झिन, बसलेला स्पंज आणि तुटक्या स्प्रिंगा हा त्याचा संसार. पण ईदनंतरच्या दिवसांत त्या दुकानात गिऱ्हाइकाला कोणी विचारत नसे. वाकडी सुई आणि मेणाचा दोरा घेऊन दाहो दोस्तांसाठी बिल्माऊनची, म्हणजे कातडं पांघरून गल्लोगल्ली नाचणाऱ्याची, सोंगं करत बसे, आणि त्याबद्दल कोणाकडून एक दिरहमही घेत नसे. हल्ली इनेझगानच्या बाजारात प्लास्टिकचे मुखवटे आणि नायलॉनचे केसाळ झगे मिळतात. पैसेवाल्यांची पोरं ते चढवून फोटो काढतात. काढोत बापडी. दाहोच्या गल्लीत बिल्माऊन म्हणजे मीठ चोळून वाळवलेलं खरं कातडं, तोंडाला तव्याची काजळी, हातांत लोंबणारे खूर आणि गळ्यात संत्र्याच्या सालींची माळ. सगळं फुकटातलं.

हे कातडं माणसाच्या अंगावरच शिवायचं असतं. शेवटचा टाका पडला की त्या माणसाला नाव उरत नाही. त्याला हाक मारायची नाही, त्यानं तोंड उघडायचं नाही. तो नुसता बिल्माऊन. ज्याला खूर टेकवील त्याचं वर्ष बरं जातं. आणि शेवटच्या दिवशी, मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, अजानच्या आत, ज्यानं शिवलं त्यानंच उसवायचं. शेवटचा टाका कापला की नाव घेऊन हाक मारायची, आणि आतल्यानं ‘आलो’ म्हणायचं. तेव्हा कुठे तो माणसांत परत येतो. गल्लीतली म्हातारी माणसं याबाबत फार कडक होती, आणि दाहो त्यांच्याहून कडक.

“जरा सैल शिव रे,” अबल्ला म्हणाला. तो गल्लीतला पाववाला. दोस्तांत सगळ्यांत जाडा आणि सगळ्यांत बोलका. “गेल्या वर्षी मला श्वास घेता येत नव्हता.”

“श्वासाला जागा होती. तू मध्ये कबाब भरलेस.”

“ऐका याचं. माझ्या पोटाला नजर लावतोय.”

“तुझ्या पोटाला दोन बोकड लागतात, एक पुढून आणि एक मागून. गप उभा राहा, सुई टोचेल.”

यिद्दर हसला. तो बंदरावर जाळी ओढायचा. हम्मू आणि सईद हे दोघे भाऊ कोपऱ्यात आपापली पाळी येईपर्यंत काजळी कालवत बसले होते. यंदा चौघेच होते. गेल्या वर्षी पाच होते, आणि पाचवा बिही.

तेवढ्यात बिहीची आई, तूदा, दारात आली. हातात सालींच्या माळा होत्या. दर वर्षी ती संत्री सोलून साली गच्चीवर वाळवी आणि पोरांसाठी माळा ओवी. दाहोनं माळा घेतल्या, आणि त्याच्या हातात पाच आल्या.

“मावशी, यंदा चौघे आहेत.”

“माहीत आहे. हात थांबला नाही, ओवली गेली.” तिनं पाचवी माळ त्याच्याकडून परत घेतली आणि आपल्या शालीत गुंडाळली. “बिही आला की लागेलच.”

वर्षभर गल्लीत तिच्यासमोर कोणी बिहीचा विषय काढत नसे. सांत्वनाला आलेल्या दोन बायकांना तिनं उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतं. मेलेल्याच्या घरी जा, इथे कोणी मेलेलं नाही, असं म्हणून.

दाहोच्या मनातही तेच होतं, फक्त तो बोलून दाखवत नसे. गेल्या वर्षीची ती संध्याकाळ त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. चौघांची कातडी उसवून झाली होती आणि बिही स्टुलावर बसला होता. सवयीप्रमाणे त्यानं आधी डावा हात वर केला होता, कारण डाव्या बगलेत त्याला भयंकर गुदगुल्या व्हायच्या आणि ते संकट तो आधी उरकून घेई. दाहोनं कात्री उचलली, आणि दारात एक मोटारसायकल थांबली. होडी आजच निघतेय, आत्ताच, चल, मोटारसायकलवाला म्हणाला. बिही महिनोन्‌महिने ज्या होडीची वाट पाहत होता ती होडी, पलीकडच्या स्पॅनिश बेटांवर चोरून नेणारी. तो उठला. दाहो कातडं उसवायला गेला, तर बिहीनं त्याची कात्री धरली आणि मान हलवली. बोलायचं नव्हतं, म्हणून त्यानं खुणेनं दाखवलं. समुद्र, थंडी, आणि आपलं लोकरी अंग. त्याच्याजवळ कोट नव्हता. कोट घेऊन द्यावा एवढं दाहोच्याही खिशात नव्हतं. मग दाहोनं काय केलं, तर मेणाचा दोरा दुहेरी घेतला आणि मनगटं, गळा, घोटे आणखी घट्ट शिवून टाकले. आत वारा शिरू नये म्हणून. आपल्याकडून दोस्ताला तेवढाच अंगभर कपडा, असं त्याला वाटलं होतं, आणि त्याला त्याचा अभिमानही वाटला होता. बिही मोटारसायकलवर बसून गेला. तो कातड्यात होता, म्हणून जाताना त्याला नावानं हाकही मारता आली नाही. नंतर त्या होडीची काही खबर आली नाही.

मिरवणुकीच्या शेवटच्या दिवशी ऊन चांगलंच तापलं होतं. डफ वाजत होते, पोरं किंचाळत पळत होती, बायका दारात उभ्या राहून खूर टेकवून घेत होत्या. दाहो नेहमीसारखा मागून चालत होता. शिवणारा स्वतः कधी कातड्यात जात नाही. एखादा टाका निघाला तर घालायला त्याच्या खिशात सुई होती.

“यंदा तुझे पाचही छान नाचतायत,” पिठाच्या गिरणीवाली म्हणाली.

“चार आहेत, आई.”

“मग मागचा तो कोण?”

दाहोनं मागे पाहिलं. पाचवा होता खरा. तो नाचत नव्हता, नुसता चालत होता, भिंतीच्या कडेकडेनं. दुसऱ्या गल्लीतला एखादा असेल, दाहोला वाटलं. पण पोरं त्याच्या पुढे पळत नव्हती, आणि ज्या कुत्र्यांनी सकाळपासून भुंकून भंडावून सोडलं होतं ती त्याला पाहून गप्प बसली होती. त्याचं कातडं काळं होतं, आणि ओलं. एवढ्या उन्हात केसांच्या टोकांवरून पाणी गळत होतं आणि त्याच्यामागे फरशीवर पावलांची ओली रांग उमटत होती. ती वाळत नव्हती.

मग तो वळला, आणि दाहोला त्याची पाठ दिसली. गेल्या वर्षी काळं कातडं कमी पडलं होतं. तेव्हा दाहोनं पाठीवर एका जुन्या टॅक्सीच्या सीटचं निळं रेक्झिन लावलं होतं आणि स्वतःची शिवायची पाळी येईपर्यंत अबल्लानं बिहीला ‘मागची सीट’ म्हणून चिडवलं होतं. तेच रेक्झिन. कडेनं दाहोचीच दुहेरी शिवण.

तो पुढे धावला, पण हाक मारता येत नव्हती. कातड्यातल्याला नाव नसतं. तो तोंड उघडून तसाच उभा राहिला, आणि काळं सोंग तूदाच्या गल्लीत शिरलं. दाहोचे पाय त्याच्यामागे गेले नाहीत. भीती वाटली, हे खरं. पण त्याहून जास्त असं वाटलं, की जवळ गेलो तर हे संपेल.

उन्हं उतरली तशी चौघे दुकानात आले. दाहोनं एकेकाला उसवलं. कात्री सवयीनं चालत होती.

“यिद्दर.”

“आलो.”

“हम्मू.”

“आलो.”

“सईद.”

“आलो रे, आणि तहान लागलीय.”

“अबल्ला.”

“आलो, अर्धा. अर्धा वितळला.” पण अबल्ला हसला नाही. तो दाराकडे बघत होता.

दारात पाचवा उभा होता. तो आत आला, स्टुलावर बसला आणि त्यानं डावा हात वर केला.

दुकानात समुद्राचा वास भरला. स्टुलाखाली पाणी साचायला लागलं. सईद मागे सरकत भिंतीला जाऊन टेकला. हम्मूनं त्याचा हात धरला.

“कोणीतरी पोरगा आहे,” यिद्दर म्हणाला, पण आवाज चिरकला त्याचा. “कातडं किनाऱ्यावर सापडलं असेल. गंमत करतोय.”

“तोंड बघ त्याचं,” अबल्ला म्हणाला.

तोंडावर काजळी होती, आणि तिच्याखाली काय होतं ते दिसत नव्हतं. डोळ्यांच्या जागी नुसता काळोख. पण डावा हात तसाच वर होता आणि किंचित हलत होता. गुदगुल्यांची आधीच धास्ती घेतल्यासारखा.

दाहोनं कात्री हातात घेतली. मनगटाजवळचा दोरा मिठानं फुगून पांढरा झाला होता. त्यानं पातं टाक्याखाली घातलं, आणि काढून घेतलं.

“मी कापणार नाही.”

“दाहो, अजान होईल आता,” यिद्दर म्हणाला. “नाही उसवलं तर पुढच्या वर्षापर्यंत तो यातच.”

“मग असू दे. पुढच्या वर्षी पुन्हा येईल. इथे बसेल. दर वर्षी येईल.” दाहोच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि तो ते पुसत नव्हता. “कापलं की संपलं. मी शिवलं तोवर तो आहे.”

“तुझ्या हातानं शिवलंस, उसवायचंही तूच,” अबल्ला हळूच म्हणाला.

“म्हणूनच सांगतोय. मी नाही कापणार.”

त्यानं कात्री गल्ल्याखाली फेकली. स्टुलावरच्यानं हात खाली घेतला नाही.

तेवढ्यात पावलांच्या ओल्या रांगेवरून तूदा आली. शाल डोक्यावरून घसरली होती. तिच्या उजव्या गालावर ओलं बोट टेकवावं तसा खुराचा डाग होता. कोणाकडे न बघता ती सरळ स्टुलाजवळ गेली आणि तिनं त्या काळ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“माझ्या दारात आला होता,” ती म्हणाली. “खूर लावला मला. थंडगार. दाहो, हा कुडकुडतोय रे.”

“मावशी, उसवलं तर...”

“मला कळतं उसवलं तर काय.” तिचा आवाज अगदी सरळ होता. “वर्षभर मी म्हणत होते की तो आहे. आणि वर्षभर तो ओल्या कपड्यांत. लहानपणी भिजून आला की आधी कपडे काढायचे, मग रागवायचं, अशी माझी रीत. कात्री घे.”

“माझ्यानं नाही होत.”

“तू शिवलंस. दुसऱ्या कोणी उसवलेलं चालत नाही, नाहीतर मीच दातांनी तोडलं असतं. घे, बाळा.”

अबल्ला वाकला, त्यानं गल्ल्याखालून कात्री काढली आणि दाहोच्या हातात ठेवली.

दाहोनं डाव्या मनगटापासून सुरुवात केली. दोरा कापताना कुरकुर वाजत होती. टाका सुटला की आतून पाणी येई, समुद्राचं, पोटरीपर्यंत उडणारं. बगलेपाशी कात्री गेली तेव्हा तो हात क्षणभर आक्रसला. दाहो थांबला, आणि एवढ्यातही त्याच्या तोंडून निघून गेलं, “झालं, झालं, हलू नकोस.” मग छाती, मग घोटे. शेवटी गळा, जिथे त्यानं वारा शिरू नये म्हणून दोरा दुहेरी घेतला होता. तो टाका सगळ्यांत चिवट निघाला. दोनदा पातं घसरलं.

तो तुटला, आणि कातडं स्टुलावरून खाली पडलं. आत कोणी नव्हतं. ओली वाळू होती, आणि एक लोकरीची बंडी. सात जुन्या स्वेटरांची लोकर उसवून तूदानं बिहीसाठी विणलेली, रंगाचा रंगाला मेळ नसलेली, गेल्या ईदला त्यानं कातड्याखाली घातलेली.

बाहेर डफ थांबले होते. तूदानं बंडी उचलली, वाळू झटकली, पिळली, आणि शालीतल्या पाचव्या माळेसकट छातीशी धरली.

“हाक मार,” ती म्हणाली. “तेवढं राहिलंय.”

मिरवणुकीत अडकलेलं, आणि वर्षापूर्वी मोटारसायकलमागे अडकलेलं ते नाव दाहोनं कसंबसं बाहेर काढलं.

“बिही.”

मशिदीत अजान सुरू झाली. रिकाम्या कातड्याकडे सगळे बघत राहिले. कोणी उत्तर देईना. मग तूदानं ओल्या बंडीत तोंड खुपसलं आणि त्याच्या वतीनं उत्तर दिलं.

“आला,” ती म्हणाली.