कपाटावरची नणंद

“काकू, माकडहाडावरची जखम बरीच सुकली की आता. आधी कसली लालभडक होती,” पुतण्या फोनवर म्हणाला.

म्हातारीच्या हातातला चमचा वाटीतच राहिला. पलंगावर पडून पडून ती जखम झाली होती, आणि तीही अगदी जिथं कुणाला दाखवू नये तिथं. ती ठाऊक होती डॉक्टरला आणि रोज अंग पुसून देणाऱ्या आयाबाईला. सख्ख्या बहिणीलासुद्धा म्हातारीनं सांगितलं नव्हतं. पुतण्या तर कैक दिवसांत या घराकडे फिरकलाही नव्हता.

“तुला कुणी सांगितलं रे?”

“सांगायला कशाला पाहिजे? दिसतंय की. दादानं सगळ्यांना कॅमेऱ्याचा पासवर्ड दिलाय. मी तर ऑफिसात डबा खाताना तुलाच लावून ठेवतो. बरं वाटतं, घरचं माणूस समोर आहे म्हणून.”

सगळे म्हणजे कोण, हे तिनं न चिडता एकेक करून त्याच्याकडून काढून घेतलं. पुतण्याची बायको, भाचे, सुनेचा भाऊ. आणि व्याही. या व्याह्यांसमोर ती आयुष्यात कधी विस्कटलेल्या केसांनी गेली नव्हती. ते गृहस्थ आता रोज दुपारी जेवून आडवे होता होता तिला उघडी बघत होते. पुतण्या हे सगळं मोठ्या कौतुकानं सांगत होता. आपण काकूची विचारपूस करतोय, असंच त्याला वाटत होतं. असल्या माणसांना शिवी देऊनही फायदा नसतो. शिवी लागायला आत थोडी लाज शिल्लक असावी लागते.

कॅमेरा समोरच्या कपाटावर बसलेला होता. पांढरा, मुठीएवढा, कुणी हललं की मान वळवणारा, तिकडून मुलगा बोलला की इकडे ऐकवणारा. आयाबाईनं त्याचं नाव नणंद ठेवलं होतं. काडीचं काम करायचं नाही, बसल्या जागेवरून टकामका बघायचं आणि तिकडे लावून द्यायचं, म्हणून नणंद. म्हातारी तेव्हा पोट धरून हसली होती. बघणारा एकटा मुलगा आहे, असं दोघी धरून चालल्या होत्या. आणि अंघोळीच्या वेळी तोही नजर दुसरीकडे करत असेल, असं म्हातारी धरून चालली होती. पोटच्या पोराबद्दल माणूस एवढं तरी धरून चालतंच.

म्हातारी पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. सगळी नोकरी कानाला हेडफोन लावून गेली. लाइन जोडायची, दोन्हीकडचे आवाज एकमेकांना पोचतायत एवढं ऐकायचं, आणि कळ वर करून आपला कान काढून घ्यायचा, हा तिथला कायदा. ऐकत बसायचं म्हटलं असतं तर सगळं गाव तिच्या कानात होतं. शेजारच्या खुर्च्यांवरच्या बायका काय बसत नव्हत्या ऐकत? डब्यातल्या भाजीसारखे दुसऱ्यांचे संसार वाटून खायच्या. ही बसली नाही. तरी कळ वर करायच्या आधी एखादं वाक्य कानात पडायचंच. शेजारणीच्या नवऱ्याचं दुसरीकडे काय चाललंय ते असंच एकदा पडलं, आणि त्याच संध्याकाळी उसनी साखर मागायला आलेल्या शेजारणीला हिनं साखर दिली, वर हवापाण्याच्या चार गोष्टी केल्या. हे काही फार मोठं काम केलं असं तिला कधी वाटलं नाही. हात धुवून जेवावं, तसं ते होतं.

पुतण्याचा फोन ठेवून तिनं मुलाला लावला. मुलगा दूरच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर. कर्तबगार. आईकडे यायला त्याला सवड नव्हती, म्हणून त्यानं आईकडे डोळा पाठवून दिला होता.

आई म्हणाली, तुला बघायचं तर बघ, पण बाकीच्यांचं बंद कर, आणि अंघोळीच्या वेळी तुझंही.

तो समजुतीच्या सुरात बोलायला लागला. हा सूर तो हाताखालच्या माणसांसाठी वापरतो. तू न्हाणीत पडलीस तेव्हा किती वेळ तशीच पडून होतीस, आठवतं का? मी मीटिंगमध्ये असलो तर दुसऱ्या कुणाचं तरी लक्ष नको? आणि अंघोळीच्या वेळीच तर जास्त लक्ष पाहिजे. या कामाच्या बायका म्हाताऱ्या माणसांना कशा हिसके मारतात, रोज येतं मोबाईलवर. हे सगळं त्यानं आयाबाईला ऐकू जाईल असं सांगितलं. ती तिथंच चादरीची घडी घालत होती.

“आणि लाजायचं काय त्यात? सगळे घरचेच आहेत ना, आई.”

“घरचे आहेत ना? मग ये, आणि तू घाल मला अंघोळ.”

 तेवढ्यात त्याला दुसरा कॉल आला. असल्या वेळी असल्या माणसांना दुसरा कॉल येतोच.

दुपारी आयाबाईनं गरम पाणी आणून पलंगाशी ठेवलं. म्हातारी गाऊन घट्ट धरून भिंतीकडे तोंड करून पडली होती. आज नको, म्हणाली. जखम पुसल्याशिवाय चालणार नव्हतं, हे दोघींना माहीत होतं. आयाबाईनं थोडा विचार केला, स्टुलावर चढली आणि कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला.

पाण्यात फडकं बुडवेपर्यंत टॉवेलखालून मुलाचा आवाज आला. “मावशी, टॉवेल काढा.”

आयाबाई म्हणाली, आजींची अंघोळ आहे, दहा मिनिटं दम धरा.

“मावशी, तुम्हाला एकदा सांगितलेलं कळत नाही का? काढा तो.”

तिनं काढला नाही. मग तिचा स्वतःचा फोन वाजला. कामावर पाठवणाऱ्या एजन्सीचा माणूस होता. तो काय बोलला ते म्हातारीला ऐकू आलं नाही, पण आयाबाई नुसतं “बरं, बरं” म्हणत होती आणि तिची मान प्रत्येक वेळी थोडी खाली जात होती. फोन ठेवून ती स्टुलावर चढली, टॉवेल काढून खांद्यावर घेतला. नणंदेनं लगेच मान वळवून खोली तपासली.

“संध्याकाळी पिशवी भरून निघायला सांगितलंय,” आयाबाई म्हणाली. “दुसरी येईल. माझं तर गेलं, आजी. आता तुम्ही सांगा, काय करायचं?”

म्हातारी उठून बसायला लागली.

“मला न्हाणीत ने.”

पडल्यापासून न्हाणी तिला बंद होती. मुलाचा हुकूमच होता तसा, आणि डॉक्टरनंही मान डोलावली होती. न्हाणीत कॅमेरा नव्हता. तिथंही एक बसवू या, असं सूनबाई मागेच बोलून गेली होती. ओल धरेल म्हणून राहिलं, लाजेनं नव्हे.

आयाबाईनं बादली आत नेऊन ठेवली, प्लास्टिकची खुर्ची ठेवली, खाली गोणपाट अंथरलं. मग म्हातारीच्या काखेत हात घालून तिला उभं केलं. पाय कापत होते. कपाटावरची मान त्यांच्याबरोबर इंचाइंचानं वळत होती.

“आई, कुठं चाललीस? आई, बस खाली. मावशी, ती पडली तर मी तुम्हाला सोडणार नाही, सांगून ठेवतो.”

म्हातारी दारापाशी थांबली. चौकटीला धरून तिनं दम घेतला. मग कपाटाकडे वळून, एक्स्चेंजमध्ये गिऱ्हाइकांशी बोलायची त्याच मऊ, सपाट आवाजात म्हणाली, “मी पडले तर पडले म्हणून कळेल तुला. आत्ता ठेव.”

आयाबाईनं दार लावून घेतलं. कडी गंजली होती. दोघींनी मिळून ती सरकवली.

बाहेर तो बोलतच होता. आधी आईशी, मग आयाबाईशी, मग कुणाशी तेही कळेना. मग आयाबाईचा फोन पलंगावर थरथरत राहिला. म्हातारी खुर्चीत टेकली. वरच्या झरोक्यातून उजेड येत होता, बादलीतून वाफ. आयाबाई सवयीनं गाऊनच्या बटणांकडे हात नेणार, एवढ्यात म्हातारीनं तो हलकेच बाजूला सारला.

“तूही जरा तोंड फिरव.”

आयाबाई भिंतीकडे वळली. मागे पहिल्या बटणाशी बोटांची खटपट सुरू झाली. ते लवकर निघेना. पाणी निवत चाललं होतं. आयाबाईनं घाई केली नाही. हातात तांब्या धरून ती समोरच्या ओल्या भिंतीकडे बघत उभी राहिली.