काकूंकडे राहिलेलं प्रस्थान

रात्र काचेपलीकडेच थांबली होती. काळीभोर, नीरव, धावपट्टीच्या नीलदीपमालेने किनारलेली. आत तिला मज्जावच होता. आत होता शुभ्र, निर्निमेष, निर्दय प्रकाश. दिल्लीच्या त्या विमानतळावर कुणाच्याच पापणीची त्याला दया नव्हती.

त्या प्रकाशात, थंडगार खुर्चीवर, वैजयंती बसली होती; उजवीकडे सासरे तात्या, डावीकडे नवरा दिगंबर, आणि मनात हिमालय. जन्मभर सांगलीच्या शाळेत तिने काळ्या फळ्यावर हिमालय काढला होता. धवलशिखर, हिममंडित, आणि खडूचा! खरा आता सकाळच्या विमानाने दिसायचा होता. याहून अधिक तिने संसारात काही मागितलं नव्हतं.

आणि शेजारच्या जोगळेकरकाकूंचा फोन आला.

"अगं वैजू, तुमचं प्रस्थान माझ्या देव्हाऱ्यातच राहिलंय की!"

निघायचा दिवस तात्यांच्या पंचांगात वाईट होता. म्हणून आधीच, शुभ घटिकेला, तांदूळ-सुपारी-हळकुंडाची पुरचुंडी त्यांनी काकूंकडे ठेवली होती. मुहूर्तावर घर सोडलं असं दाखवायचं आणि निघताना ती सोबत उचलायची, ही घराची रीत. उचलायला दिगंबर गेला होता. तो चहा प्यायला, पोहे खाल्ले, आणि हात हलवत परत आला.

"विसरलोच," दिगंबर म्हणाला.

तात्यांनी उपरणं झटकलं. "प्रस्थान उचललं नाही म्हणजे आपण निघालोच नाही. उजाडलं की परत फिरायचं."

दिगंबरने मान डोलावली.

झालं! दुष्काळात तेरावा महिना. संताप आला तिला. हाडांत शिरणाऱ्या त्या यंत्रशीतल वाऱ्याचा संताप, घडीघडीला मंजुळ स्वरात भलत्याच गावांची नावं घेणाऱ्या त्या बाईचा संताप, आणि त्या डोलणाऱ्या, सदा डोलणाऱ्या मानेचा तर तळपायाची आग मस्तकात जाणारा संताप. दोघांना इथेच सोडून एकटीने जावं, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

ती ताडकन उठली. काचेपर्यंत गेली, वळली. समोर निद्राव्याकुळ, चादरवेष्टित माणसं पडली होती. कोपऱ्याकोपऱ्यात, गाठी मारून ठेवल्यासारखी. ती बघत राहिली. मग तरातरा तात्यांसमोर येऊन उभी राहिली.

"तात्या, घरातलं काहीतरी परक्याच्या दारी मुक्कामाला ठेवायचं आणि चांगल्या वेळी उचलायचं. हेच ना प्रस्थान?"

"हेच."

"मग तांदळाऐवजी आज आपणच येऊन पडलोय. तुमचा वाईट दिवस सूर्योदयाला सरतो, आणि विमान त्यानंतरचं आहे. आणखी काय हवं?"

तात्या डोळे मिटून, ओठांनी पुटपुटत, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत राहिले. दिगंबर दोघांकडे पाळीपाळीने बघत होता. मान कुठे डोलवावी ते त्याला कळेना. वैजयंतीला मात्र धड बसवेना. एका म्हाताऱ्याच्या ओठांवर तिचा अख्खा हिमालय अडला होता.

हळूहळू काच उजळली. काळं जांभळं झालं, जांभळं केशरी झालं. विमानात चढणाऱ्यांची रांग लागली, सरकू लागली, सरत आली.

तात्यांनी डोळे उघडले. उगवतीकडे पाहून हात जोडले आणि मग तेच दोन्ही हात, लहान मुलासारखे, सुनेपुढे पसरले.

"बघतेस काय? उचल की प्रस्थान!"

तिने उचललं. किती हलके होते तात्या! रात्रभराचा संताप त्या हलकेपणापाशी ओला झाला. आणि त्यांना कवेत धरून, पाऊल पाऊल, पाऊल पाऊल, ती सोनेरी दाराकडे चालू लागली.